सीट-कव्हरचे जुने मशीन चामड्यासाठी लावताना

नाशिकच्या सिडकोतील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड औद्योगिक वसाहतीतील सीट-कव्हर शिवणारा एक छोटा कारखाना बंद झाला, तेव्हा तेथील वॉकिंग फूटचे, म्हणजे माल दाबणारा पायही तो पुढे सरकवतो असे, एक जुने मशीन त्यांनी टेबल आणि क्लच मोटरसह विकत घेतले. त्यावर त्यांना चामड्याच्या बॅगा, पाकिटे आणि पुढे कमरेचे पट्टे शिवायचे आहेत. पायडलला पाय लागताच मशीन सुसाट सुटते, चामड्याचे दोन थर घेतले की चार-पाच टाक्यांमागे एक टाका सुटतो, वरचा दोरा पिंजून तुटतो आणि खालच्या बाजूला माल सरकवणाऱ्या दात्यांचे वळ उमटतात. एका मिस्त्रींनी पाहून ‘टायमिंग गेले आहे, हूक बदलावा लागेल’ असे सांगितले. हूक म्हणजे खालचा दोरा वरच्यात गुंफणारा फिरता भाग, आणि टायमिंग म्हणजे सुई आणि हूक यांची जुळलेली वेळ. हूक बदलावा, मोटर बदलावी की मशीनच विकून टाकावे, आणि सुरुवात कशापासून करावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो: हूकवर आत्ता एक रुपयाही खर्च करू नका. तुम्ही सांगितलेली चारही लक्षणे एकत्र ठेवून पाहिली, तर मला त्यात बिघाडापेक्षा जुनी सवय जास्त दिसते. तुमचे मशीन अजून सीट-कव्हरच शिवते आहे. सीट-कव्हरचा माल म्हणजे कापडी पाठीचे रेक्झिन आणि त्याखाली फोम. तो दाबला की दबतो, सुईला वाट देतो आणि दात्यांचे ठसे फोममध्ये लपवतो. शिवणी लांबलचक आणि सरळ असल्यामुळे तेथे वेग लागतो, दोरा बारीक चालतो, आणि गोल टोकाची सुई विणीतील धागे बाजूला सारून आत जाते. चामड्याला वीण नसते, म्हणून सुईला ते कापावे लागते. कापल्यावरही ते सुईला घट्ट धरून ठेवते. आणि त्यावर उमटलेला वळ किंवा पडलेले भोक कायमचे राहते. त्यामुळे कारखान्याने त्या मालासाठी विचारपूर्वक बसवलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तुमच्या मालाला उलटी पडते आहे.

अर्थात तुमचे मशीन मी पाहिलेले नाही. पुढे दिलेली मापे मी माझ्या कामात वापरतो. तुमचे मॉडेल, चामड्याची कमावणी आणि शिवायची एकूण जाडी यांनुसार ती थोडी इकडेतिकडे होतील. नाशिकमध्ये पंचवीस वर्षे मी बॅगा आणि पट्टे शिवतो आहे आणि आजवर घेतलेली सगळी मशीन जुनीच घेतली आहेत, एवढ्या अनुभवावर हे लिहितो आहे.

मशीनची जात प्रथम नक्की करून घ्या. आपल्याकडे कारखान्यातल्या कोणत्याही शिलाई मशीनला सरसकट ‘जुकी’ म्हणण्याची पद्धत आहे आणि जुना माल विकणारेही याच शब्दावर विकतात. प्रत्यक्षात जुकीचेच डीडीएल-८७०० हे शर्ट शिवण्याचे मशीन आणि एलयू-५६३ किंवा एलयू-१५०८ हे वॉकिंग फूटचे मशीन यांत सायकल आणि ट्रॅक्टरइतके अंतर आहे. पहिल्यात माल फक्त खालचे दाते सरकवतात. दुसऱ्यात दाते, सुई आणि सुईलगतचा आतला पाय हे तिघे मिळून सगळे थर एकत्र पुढे नेतात आणि मग बाहेरचा पाय माल दाबून धरतो, तोवर आतला पाय उचलून पुढच्या टाक्यासाठी परत येतो. मोटरचे बटण बंद करून पट्टा उतरवा आणि चाक हाताने सावकाश फिरवून पाहा. सुई खाली असताना दात्यांबरोबर तुमच्यापासून दूर सरकत असेल आणि दोन्ही पाय आळीपाळीने उचलले जात असतील, तर तुमच्याकडे योग्य जातीचे मशीन आहे आणि ते विकण्याचा विचार सोडून द्यावा. चपला दुरुस्त करणाऱ्यांकडे दिसणारे, लांब बारीक हाताचे सिंगर २९के सारखे मशीन लोक हौसेने घेतात; दुरुस्तीसाठी ते अप्रतिम आहे, पण त्याचा बॉबिन (खालच्या दोऱ्याचे रीळ) लहान असतो आणि बॅगेच्या रोजच्या कामाला ते पुरे पडत नाही.

या जातीच्या मशीनची मर्यादाही सांगितली पाहिजे. मऊ क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्याचे थर पायाखाली दाबून ८ मिमीपर्यंत होत असतील तर मी ते अशा मशीनवर शिवतो. कडक, वनस्पती-कमावणीचे (झाडांच्या सालींनी कमावलेले) चामडे एकूण ६ मिमी झाले की थांबतो. दोऱ्यामध्ये टेक्स १३५ ही माझी वरची मर्यादा आहे (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप, पुढे समजावतो). साडेतीन मिमीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून जाड दोऱ्याने शिवलेला कमरेचा पट्टा हे जुकीच्या टीएससी-४४१ च्या वर्गातील अवजड मशीनचे काम आहे. पट्ट्यांबद्दल शेवटी पुन्हा लिहितो.

पहिला दिवस फक्त सफाईला द्या. डोके मागे कलते करून खालचा सगळा भाग उघडा करा, फोमची भुकटी आणि दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढा आणि ब्रशने केरोसीन लावून वाळलेले जुने तेल सुटू द्या. चाक हाताने फिरवत राहिलात की कोणता सांधा अडतो आहे ते हाताला कळते. केरोसीन पुसून वाळले की मशीनचे पातळ पांढरे तेल प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब घाला. घरातले तेल घालू नका, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी मशीनचे तेल संपले म्हणून मी खोबरेल घातले. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि तो नाशिकचा डिसेंबर होता. सकाळी चाक जागचे हलेना. पत्र्याखाली शेगडी पेटवून मशीन शेकत बसलेला मनुष्य पाहून शेजाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. थिजलेले तेल वितळले, पण त्याचा चिकट थर सांध्यांतून पूर्ण काढायला पुढे कित्येक आठवडे लागले. तेल घातल्यावर रात्रभर खाली वर्तमानपत्र ठेवा आणि दुसऱ्या दिवशी आधी कातरणांवर शिवून पाहा, कारण वनस्पती-कमावणीच्या फिक्या चामड्यावर पडलेला तेलाचा एक थेंब पुढे कशानेही निघत नाही.

टेबल आणि वीज यांबद्दल थोडेच. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, तेव्हा चारही पायांखाली रबर देऊन टेबल डुलणार नाही असे करा. जुन्या मोटरला दोन पिनांचा प्लग जोडलेला असेल तर तो काढून तीन पिनांचा लावा आणि अर्थिंग खरोखर येते आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी बसून लोखंडी पायडल दाबायचे असते, हे विसरू नका. मोटरच्या पट्ट्यावरचे झाकण बहुतेक जुन्या मशीनवरून गायब झालेले असते, ते करून बसवा.

आता वेगाकडे येतो, कारण तुमच्या निम्म्या त्रासाचे मूळ येथे आहे. हिशेब साधा आहे: मोटरच्या मिनिटाच्या फेऱ्यांना मोटरवरील पुलीच्या व्यासाने गुणायचे आणि मशीनच्या पुलीच्या व्यासाने भागायचे. मोटर १४४० फेऱ्यांची, तिच्यावरची पुली १२५ मिमीची आणि मशीनवरची १०० मिमीची असेल, तर मिनिटाला १८०० टाके, म्हणजे सेकंदाला ३० टाके पडतात. टाका ४ मिमीचा धरला तर एका सेकंदात १२ सेंटीमीटर शिवण होते. पाकिटाची एक बाजू त्याहून लहान असते, तेव्हा ती शिवून होण्याआधीच मशीन कडेच्या बाहेर गेलेले असणार. मोटरवरची पाटी वाचून घ्या, कारण २८८० फेऱ्यांच्याही मोटरी बाजारात आहेत आणि तशी निघाली तर हाच आकडा दुप्पट होतो.

क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत पूर्ण वेगाने फिरत असते आणि पायडल दाबले की क्लच तिला मशीनशी जोडतो. जुने कारागीर क्लच अर्धवट घासत ठेवून टाका-टाका चालवतात आणि ती खरी कला आहे, पण ती शिकायला काही महिने आणि पुष्कळ चामडे खर्ची पडते. तुमच्या जागी मी पहिल्यांदा फक्त मोटरवरची पुली बदलीन. १२५ मिमीच्या जागी ५० मिमीची पुली बसवली तर त्याच मोटरवर मिनिटाला ७२० टाके होतात, आणि वेग ज्या प्रमाणात कमी होतो त्याच प्रमाणात सुईची ताकद वाढते. पुली लहान झाल्यावर पट्टाही लहान लागेल, त्याचे माप घेऊनच दुकानात जा. हा सगळ्यांत स्वस्त बदल आहे आणि त्याने किती फरक पडतो हे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटते.

त्यानंतर पैसे हाताशी असतील तर सर्वो मोटर घ्या. ती पायडल दाबल्यावरच फिरते, आवाज करत नाही, वीज कमी घेते आणि तिचा कमाल वेग बांधून ठेवता येतो. येथे एक चूक नेहमी होते. लोक सर्वोवर मोठी पुली तशीच ठेवतात आणि बटणाने वेग अगदी खाली आणतात. साध्या सर्वो मोटरला खालच्या वेगात जोर राहत नाही, त्यामुळे सुई चामड्यावर टेकते आणि मोटर गुरगुरत थांबते. लहान पुली बसवून मोटरला थोडे वरच्या वेगात फिरू द्यावे, हे चांगले. जाड दोरा आणि जाड माल यांचेच काम रोज असेल तर मध्ये एकास तीन प्रमाणाचा वेग-कमी करणारा पुलीसंच बसवतात. त्याने ७२० चे २४० होतात आणि सुईमागचा जोर तिप्पट होतो. बॅगांसाठी तो मला आवश्यक वाटत नाही. मोटर कोणतीही बदला, पण फिरण्याची दिशा तपासल्याशिवाय दोरा ओवू नका. या वर्गातील मशीनचे चाक सर्वसाधारणपणे वरच्या बाजूने आपल्याकडे फिरते. उलटे फिरले तर खाली दोऱ्याचे घरटे तयार होते आणि मग पुन्हा कोणीतरी ‘टायमिंग गेले’ म्हणते.

सुटणाऱ्या टाक्यांचा शोध मी नेहमी सुईपासून सुरू करतो. मशीनमधली सुई काढून तिची जात पाहा. एलयू-५६३ आणि एलयू-१५०८ या मशीनना १३५ गुणिले १७ या जातीची सुई लागते. तिलाच डीपी गुणिले १७ असेही म्हणतात. तिचे टोक कापडासाठी गोल असते. त्याच लांबीची, पण चामडे कापणाऱ्या टोकाची जात १३५ गुणिले १६ या नावाने मिळते. शर्टाच्या मशीनची डीबी गुणिले १ ही सुई दुकानात सर्वांत सहज मिळते, म्हणून घाईच्या वेळी तीच बसवलेली मी अनेक मशीनमध्ये पाहिली आहे. तिचा दांडा १.६२ मिमीचा असतो, तर वॉकिंग फूटच्या सुईचा २ मिमीचा. त्यामुळे ती भोकात जाते खरी, पण सैल बसते आणि लांबीने तोकडी पडते. हूकचे टोक येते तेव्हा सुईचे नाक (दोरा ओवायचे भोक) जेथे असायला हवे तेथे नसते, आणि टाका सुटतो. हूक अगदी नवा घातला तरी तो सुटणारच. सुई बसवताना ती वरपर्यंत पूर्ण गेली आहे ना, तिची खाच हूकच्या बाजूला आहे ना, आणि लांब चर दोरा ज्या बाजूने आत जातो त्या बाजूला आहे ना, एवढे पाहा.

कापणाऱ्या टोकांतही प्रकार आहेत. एलआर टोक चामडे तिरके कापते आणि टाके किंचित कललेले, दोरीच्या पिळासारखे दिसतात. बॅगेच्या वरच्या शिवणीला मला तेच आवडते. एस टोकाचा काप शिवणीच्या रेषेत जातो, टाका सरळ पडतो, पण टाके लांब ठेवावे लागतात, नाहीतर एक काप दुसऱ्याला मिळून चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते. सुरुवातीला एलआर घ्या. मात्र बॅगेत अस्तराचे कापड जास्त आणि चामडे कमी असेल तर गोल टोकच ठेवा, कारण कापणारे टोक कापडाचे धागे तोडते.

आता सुईची जाडी आणि दोरा. सुईवरचे दोन आकडे एकच गोष्ट दोन पद्धतींनी सांगतात: ११०/१८ म्हणजे १.१० मिमी जाडीची, जुन्या क्रमाने १८ नंबरची सुई. दोऱ्याच्या बाबतीत १००० मीटरचे ग्रॅममधील वजन म्हणजे टेक्स. आपल्या दुकानांत बहुधा टिकट नंबर सांगतात आणि तो उलटा चालतो, नंबर लहान तर दोरा जाड: टिकट ४० हा साधारण टेक्स ७० ते ७५, आणि टिकट २० हा टेक्स १३५ ते १५०. टेक्स ७० ला मी १००/१६ किंवा ११०/१८ सुई घालतो, टेक्स ९० ला ११०/१८ ते १२५/२०, आणि टेक्स १३५ ला १४०/२२ किंवा १६०/२३. जाडी बरोबर आहे का हे घरच्या घरी कळते. सुई मोकळी घेऊन तिच्या नाकातून दोरा ओवा, दोरा दोन्ही हातांनी तिरपा ताणून धरा. सुई स्वतःच्या वजनाने सावकाश घसरत खाली आली पाहिजे. ती अडकून बसली तर नाक लहान आहे, आणि तुमचा वरचा दोरा पिंजतो आहे त्याचे हेच पहिले कारण मला वाटते: सीट-कव्हरची सुई तशीच ठेवून तुम्ही जाड दोरा ओवला असणार. बॉण्डेड (तंतू एकमेकांना चिकटवलेल्या) नायलॉनचा दोरा वापरा आणि मशीनबरोबर आलेल्या जुन्या रिळांचा मोह सोडा. उन्हात पडलेला नायलॉन दिसायला नवा दिसतो आणि हाताने ओढला की तुटतो.

सुई आणि दोरा बदलूनही टाके सुटत असतील, तर हूकच्या टायमिंगआधी एक गोष्ट पाहावी लागते. चामड्यात शिरलेली सुई वर येताना चामड्याला आपल्याबरोबर उचलते. टाका तयार होतो तो नेमका याच क्षणी: सुई तळाला जाऊन किंचित वर येते, चर नसलेल्या बाजूला दोऱ्याचा फुगा सुटतो आणि हूकचे टोक त्या फुग्यात शिरते. चामडेच सुईबरोबर वर आले, तर दोरा सैल पडत नाही, फुगा होत नाही आणि हूक रिकामा फिरून जातो. फोम आणि रेक्झिन सुईला सोडून देतात, म्हणून कारखान्यात हा त्रास झाला नसेल. चाक हाताने फिरवत पायाजवळ डोळा नेऊन पाहा. चामडे अर्धा मिमी जरी उचललेले दिसले तरी दोष तेथेच आहे. त्यावर तीन उपाय आहेत आणि मी ते याच क्रमाने करतो: सुई एक नंबर मोठी घ्यावी, पायाचा दाब थोडा वाढवावा, आणि आतल्या पायाचे भोक सुईच्या मानाने फार मोठे असेल तर अरुंद भोकाचा पाय बसवावा.

दाब वाढवला की खालचे वळ वाढतात, ही तुमची चौथी तक्रार. दाब आणि वळ यांची ही ओढाताण स्क्रूने सुटत नाही, दाते बदलूनच सुटते. सीट-कव्हरच्या मशीनवर खोल दात्यांचा पत्रा आणि खाचा असलेले पाय असतात. चामड्यासाठी गुळगुळीत पाय आणि जवळजवळ गुळगुळीत दाते लागतात. सुई स्वतः माल सरकवत असल्यामुळे तेवढ्या पकडीवर काम भागते. दात्यांचा दुसरा संच घेऊन त्याची टोके बारीक पॉलिश पेपरने मारा आणि मूळ संच डब्यात जपून ठेवा. पायांची उचलही पाहा. फोमसाठी ती बहुधा जास्त ठेवलेली असते. चामड्याच्या पातळ थरांवर ती कमी केली की पाय आपटण्याचा आवाज कमी होतो आणि चामड्यावर ठोके उमटत नाहीत. आतला आणि बाहेरचा पाय सारखेच उचलले गेले पाहिजेत.

आता हूक. या मशीनना सुरक्षेसाठी एक क्लच असतो: दोरा अडकून जाम झाले की तो सुटतो आणि हूकचे भाग तुटण्यापासून वाचतात. तो सुटलेला असताना सुई वर-खाली होते, पण हूक आपल्या जागेवर नसतो, म्हणजे लक्षण थेट टायमिंग गेल्याचेच. मशीनच्या पाटावर त्याचे बटण असते. ते दाबून धरून चाक जोराने फिरवले की ‘कट्’ आवाज होऊन क्लच परत बसतो. फिरवण्याची दिशा तुमच्या मॉडेलची पुस्तिका पाहून ठरवा. मी स्वतः एकदा असे ‘बिघडलेले’ मशीन भंगाराच्या मोलाने घेतले आणि घरी आणून पाच मिनिटांत चालू केले, आणि विकणाऱ्याला ते सांगायचे की नाही, यावर दोन दिवस विचार करत बसलो.

क्लच जागेवर असेल तरच मोजमाप करा. सुई अगदी तळाला आणा, तेथून ती २ ते २.५ मिमी वर आली की हूकचे टोक सुईच्या मधोमध आले पाहिजे आणि ते सुईच्या नाकाच्या वरच्या कडेपासून दीड ते दोन मिमी वर असले पाहिजे. हूकचे टोक आणि सुईची खाच यांत वहीच्या कागदाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी फट हवी, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिमी. येथे सुई बदलण्याचा परिणाम लक्षात घ्या. ११० ची सुई काढून १६० ची घातली की जाडी अर्ध्या मिमीने वाढते, म्हणजे हूककडच्या बाजूला साधारण पाव मिमी, आणि तेवढी फट मुळात नसतेच. हूकचे टोक सुईवर घासू लागते, त्याला बारीक धार निघते आणि ती धार दोरा पिंजते. टोकावरून नख फिरवून पाहा. खरखर लागली तर फार बारीक पॉलिश पेपरने ती काढा, टोकाचा आकार मात्र बिघडवू नका. याच कारणाने मी एका मशीनला एकच दोरा आणि एकच सुई ठरवून देतो. तुमच्या बॅगा आणि पाकिटांसाठी टेक्स ९० आणि १२५/२० ही जोडी ठरवा आणि हूक त्या सुईला लावून घ्या. मिस्त्रींना बोलवायचेच असेल तर ती सुई बसवल्यावर बोलवा आणि ‘हूक बदला’ असे न सांगता ‘या सुईला फट लावून द्या’ असे सांगा. या कामाला नवा भाग लागत नाही.

ताण बसवताना आधी खालचा, मग वरचा. बॉबिनमधला दोरा बोटांनी ओढला की अडखळत न येता सलग, किंचित जोर लावून यावा. मग वरचा ताण थोडा थोडा वाढवत दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या मधोमध आणा. पातळ चामड्यात गाठ लपायला जागाच नसते, तेथे बॉबिनमध्ये एक नंबर बारीक दोरा घातल्याने काम सोपे होते. टाक्याच्या लांबीच्या तबकडीवरील आकड्यावर विश्वास ठेवू नका. दहा टाके शिवून पट्टीने मोजा. ४० मिमी भरले तर टाका ४ मिमीचा. पाकिटाला मी ३ मिमी ठेवतो, बॅगेला साडेतीन ते चार. उलटा टाका आधीच्याच भोकांत पडतो आहे का, हेही त्याच पट्टीवर पाहून घ्या.

काही वेळा दोष मशीनमध्ये नसून चामड्यात असतो. थर चिकटवताना लावलेले रबर सोल्यूशन पुरते वाळले नसेल तर ते सुईला चिकटते, नाक भरते आणि टाके सुटतात. पावसाळ्यात नाशिकच्या हवेत त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. चार-पाच थर एकत्र येतात तेथे कडा रापीने (चामडे तासायच्या सुरीने) पातळ करून घ्या, म्हणजे मशीनला अचानक चढ चढावा लागत नाही. पावसाळ्यात सुया तेलकट कागदात गुंडाळून ठेवा, कारण दिसणारही नाही एवढा गंज दोरा कापायला पुरतो.

खर्चाचा क्रम मी असा धरीन: या आठवड्यात सुया, दोरा आणि तेल, त्यानंतर लहान पुली आणि पट्टा, मग गुळगुळीत पाय आणि दाते, सर्वो मोटर कमाई सुरू झाल्यावर. सुया आणि पाय नाशिकमध्ये मिळाले नाहीत, तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून धारावीतील चामड्याच्या बाजारात जा. सरावासाठी कातरणेही तेथेच वजनावर घ्या आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत या. जाताना तुमची जुनी सुई आणि जुना पाय खिशात असू द्या, नुसते नाव सांगून चुकीचा भाग घेऊन येणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

राहिले पट्टे. एका थराच्या पट्ट्याची शोभेची शिवण तुमचे मशीन आनंदाने करील. दोन थरांचा कडक पट्टा तूर्त आरीने भोके पाडून दोन सुयांनी हाताने शिवा. एका पट्ट्याला मला अजूनही दोन-अडीच तास लागतात, तेव्हा त्याची किंमत त्या हिशेबाने सांगा. आणि महिन्याला वीस-पंचवीस पट्ट्यांची मागणी नियमित येऊ लागली, तर अवजड मशीनचा विचार त्या वेळी करता येईल.